पेशी-संदेशवहन संशोधन : खान्देशच्या संदर्भात

पेशी-संदेशवहन : पेशीबाहेरची खूण ओळखून पेशीच्या आत तिच्याप्रमाणे बदल घडवणारी रासायनिक व भौतिक घटनांची साखळी. ही खूण संप्रेरकाची असू शकते, वायूची, उष्णतेची किंवा नुसत्या स्पर्शाची. ती ओळखणाऱ्या प्रथिनाला ग्राही म्हणतात. खुणेचा रेणू चिकटला की ग्राहीचा आकार किंचित बदलतो, शेजारच्या प्रथिनाला तो बदल जाणवतो, त्याच्या शेजारच्याला पुढचा. आणि अखेर एखादे विकर (एन्झाइम) जागे होते, एखादी मार्गिका (पेशीच्या आवरणातली वाट) उघडते किंवा केंद्रकातले जनुक चालू होते. इन्सुलिन आले की स्नायूची पेशी साखर आत घेते ती याच वाटेने, आणि दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात बिघडते तीही हीच वाट.

या विषयाचा अभ्यास पहिल्यापासून अनेक शास्त्रांनी मिळून केला आहे. अ‍ॅड्रेनलिन यकृताच्या पेशीत न शिरताही तिथला साखरेचा साठा मोकळा करते. मग आत निरोप कोण नेतो, हा प्रश्न अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलँड यांनी १९५०च्या दशकात धसास लावला. त्यांना सापडलेला दुय्यम दूत म्हणजे चक्रीय एएमपी (नोबेल, १९७१). मार्टिन रॉडबेल यांनी पुढचा दुवा शोधताना संगणक व नियंत्रणशास्त्रातली भाषा उसनी घेतली : निरोप ओळखणारा भाग, तो रूपांतरित करणारा भाग आणि तो वाढवणारा भाग. मधला भाग म्हणजे आज ओळखली जाणारी जी-प्रथिने. त्यांबद्दल रॉडबेल आणि आल्फ्रेड गिलमन यांना १९९४चे नोबेल मिळाले. प्रथिनावर फॉस्फेट चढवून ते चालू-बंद करता येते, हे एडमंड फिशर व एडविन क्रेब्ज यांनी दाखवले होते. पण ते बटणासारखे एकदम कधी पलटते आणि हळूहळू कधी सरकते, याचा उलगडा गणिताने झाला. आल्बर्ट गोल्डबेटर व डॅनियल कोशलँड यांनी १९८१ मध्ये त्याची समीकरणे मांडली.

खान्देशात या विषयाचे सर्वांत चांगले उदाहरण केळीच्या बागेत आहे. रावेर-यावलच्या शिवारातला घड हिरवा, टणक असतानाच कापला जातो. कापल्यावर तो पिकतो तो इथिलीन या वायूमुळे. हा वायू फळ स्वतःच तयार करते. १९०१ मध्ये सेंट पीटर्सबर्गला दिमित्री नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याचे अंकुर वेडेवाकडे वाढू लागले, तेव्हा दिव्याच्या गॅसमधल्या इथिलीनचा हा परिणाम असल्याचे त्यांनी ओळखले. फळे स्वतः हा वायू सोडतात, हे १९३४ मध्ये सिद्ध झाले. आपल्याकडच्या अढीत हीच गोष्ट चालत आली आहे : बंद जागेत, गवताखाली वायू कोंडतो आणि एका फळाचा निरोप साऱ्यांना पोचतो.

ग्राही मात्र सापडला तो अरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपात, १९९३ मध्ये. त्यात तांब्याचा अणू असतो आणि इथिलीन त्याला धरते. या ग्राहीचे काम उलट्या रीतीने चालते, ते समजून घेण्यासारखे आहे. इथिलीन नसताना तो सतत ‘थांब’ असा निरोप देत असतो. वायू आला की तो निरोप बंद पडतो आणि पिकण्याची जनुके मोकळी होतात. म्हणजे इथिलीन पिकवत नाही, ते ब्रेक सोडते. संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात ‘नॉट’ गेट, म्हणजे आत आलेला निरोप उलटा करून देणारा घटक, लगेच दिसेल. वनस्पतिशास्त्र एकट्याने शिकलेल्याला ही उलटी बेरीज पचायला वेळ लागतो. माझ्या मते या विषयात दोघांनी एका टेबलावर का बसावे, याचे एवढे सोपे कारण दुसरे नाही.

रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे फळे पिकवण्याच्या बंद खोलीत, हे डोळ्यांना दिसते. क्रेट एकावर एक रचलेले, तापमान १६ ते १८ अंश सेल्सिअस, हवेत दर १० लाख भागांमागे सुमारे १०० भाग इथिलीन. दिवसभराने दार उघडून साचलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर सोडतात, कारण तो इथिलीनच्या कामात आडवा येतो. पुढच्या दिवसांत गरातला स्टार्च साखर होतो आणि सालीतले हरितद्रव्य मोडून पिवळा रंग वर येतो. हेच घड उन्हाळ्यात नुसत्या खोलीत ठेवले तर गर मऊ होतो, साल हिरवीच राहते : ग्रँड नैनसारख्या जातींत सुमारे २४ अंशांच्या वर हरितद्रव्य नीट मोडत नाही. निरोप एकच, पण साल आणि गर तो वेगवेगळ्या रीतीने पाळतात. कार्बाइडमधून निघणारा अ‍ॅसिटिलीन वायू याच ग्राहीला फसवतो, तोही कमी ताकदीने, आणि सोबत आर्सेनिक व फॉस्फरसचे अंश येतात. कार्बाइडने फळे पिकवण्यावर कायद्याने बंदी आहे. ती मोडणाऱ्याला खपवून घेऊ नये.

दुसरे उदाहरण नंदुरबारच्या मिरचीचे. हंगामात पथारींवर लाल मिरची वाळत पडते आणि नुसत्या वाऱ्याने ठसका लागतो, डोळ्यांतून पाणी येते. मिरचीतले कॅप्सेसिन मज्जातंतूंच्या टोकांवरची टीआरपीव्ही-१ ही मार्गिका उघडते, कॅल्शियम आणि सोडियम आत घुसतात आणि मेंदूला ‘भाजले’ असा निरोप जातो. हीच मार्गिका सुमारे ४३ अंशांच्या वरच्या उष्णतेनेही उघडते. मे महिन्यात भुसावळला उन्हात तापलेल्या मोटारसायकलच्या सीटवर हात टेकला की जे होते आणि ठेच्याने जिभेचे जे होते, त्यांत शरीराच्या लेखी फार अंतर नाही. कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून पाणी पिऊन आग शमत नाही. दूध उपयोगी पडते. पोपट मिरची आवडीने खातो, कारण पक्ष्यांची मार्गिका कॅप्सेसिनला दाद देत नाही.

डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने ही मार्गिका १९९७ मध्ये शोधली. संवेदी चेतापेशींतली जनुके गटागटाने दुसऱ्या पेशींत घालायची, वर कॅप्सेसिन टाकायचे आणि कॅल्शियम शिरताच चमक बदलणाऱ्या रंगद्रव्याने कोणती पेशी प्रतिसाद देते ते पाहायचे. असे रंगद्रव्य रसायनशास्त्राने दिले, सूक्ष्मदर्शक भौतिकशास्त्राने. २०१३ मध्ये यिफान चेंग यांच्यासोबत गोठवलेल्या नमुन्यांच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाने तिची रचनाही दिसली. ज्युलियस यांना २०२१चे नोबेल मिळाले.

कपाशीचे उदाहरण काटेकोर अर्थाने संदेशवहनाचे नाही, पण ग्राहीचे आहेच. बीटी कपाशीतले विष बोंडअळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते. ज्या शेंदरी बोंडअळीत हे प्रथिन जनुकातल्या बदलाने बिघडले, तिच्या आतड्याला विष चिकटत नाही. २०१७च्या हंगामात राज्यातल्या कापूस उत्पादकांनी या अळीचा मोठा तडाखा सोसला. शेतात लावायचे कामगंध सापळेही ग्राहीवरच चालतात : मादीच्या गंधाची नक्कल करणारा ल्यूर नर पतंगाच्या शृंगिकेवरचे ग्राही जागे करतो.

खान्देशातले उच्च शिक्षण १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावात स्थापन झालेल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाभोवती उभे आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबार हे तीन जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. जीवशास्त्र, रसायन, भौतिकशास्त्र, गणित आणि संगणक यांच्या प्रशाळा एकाच आवारात आहेत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे केळी संशोधन केंद्रही जळगावातच आहे. या विषयाला लागणारी माणसे जवळजवळ असणे ही मोठी सोय. अडचण असते ती शब्दांची. ‘सिग्नल’ म्हटले की जीवशास्त्राच्या माणसाला रेणू दिसतो, भौतिकशास्त्राच्या माणसाला गोंगाटातून वेगळी काढायची लहर, गणितवाल्याला चल (बदलणारी राशी). पहिले काही महिने एकमेकांचे शब्द शिकण्यातच जातात, आणि ते वाया गेले असे समजू नये.

नमुना घेणे हेही एक शास्त्रच आहे. घडाला विळ्याचा घाव बसताच त्या जखमेतूनच इथिलीन सुटू लागते, जनुकांचे चालू-बंद बदलते. मोटारीच्या डिकीत तास-दीड तास तापलेला घड प्रयोगशाळेत पोचतो तेव्हा बागेतली अवस्था त्यात उरलेली नसते. म्हणून साल-गराचे तुकडे बांधावरच उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये टाकावे लागतात. आणि मृगबाग (पावसाच्या सुरुवातीची लागवड) की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), पाणी कधी दिले, घड निसवून (झाडाबाहेर पडून) किती दिवस झाले, हे बागवानाला विचारून नमुन्याच्या डबीवर लिहावे लागते.