३२ नगरसेवक आणि १५ नगरसेवक, ताकद मात्र सारखीच कशी?

आपल्या कोल्हापूर महापालिकेची २०१५ ची निवडणूक आठवा. जागा ८१, मॅजिक फिगर ४१. भाजप आणि स्थानिक ताराराणी आघाडी मिळून ३२, काँग्रेस २७, राष्ट्रवादी १५, शिवसेना ४ आणि अपक्ष ३. वरवर बघितलं तर ३२ वाले सगळ्यात तगडे वाटतात, पण जरा बेरीज करून बघा. ३२ नि २७ म्हंजे ५९, ३२ नि १५ म्हंजे ४७, आणि २७ नि १५ म्हंजे ४२. तिघांतले कुठलेही दोघं जमले की सत्ता, एकट्याला कुणालाच जमत नाही. मग १५ वाल्यांचं वजन ३२ एवढंच झालं की! आणि उरलेले सात? ते सगळेच्या सगळे ३२ मध्ये घातले तरी आकडा ३९ वर अडतो, त्यामुळं ते कुठं बसले याने निकाल हलतच नाही.

हे वजन मोजायची रीत लॉइड शॅप्ली आणि मार्टिन शुबिक या दोघांनी १९५४ मध्ये मांडली (शॅप्लींना पुढं २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं). गट एकामागून एक पाठिंबा द्यायला येतायत असं धरायचं आणि ज्याच्या येण्यानं बहुमत पुरं होतं तो निर्णायक. आपल्या तीन मोठ्या गटांच्या सहा वेगवेगळ्या रांगा लागू शकतात, प्रत्येक रांगेत दुसरा येणारा निर्णायक ठरतो, आणि प्रत्येक गट बरोबर दोनदा दुसरा येतो. म्हणून तिघांना एक तृतीयांश, बाकीच्यांना शून्य.

आता समजा २७ आणि १५ वाल्यांनी मिळून ४२ ची सत्ता केली, आणि १५ मधले दोघं फुटून ३२ कडे गेले. दोन्ही काँग्रेसचे ४० झाले, समोर ३४. आणि हे ३४ नि सात मिळून बरोब्बर ४१! काल ज्यांचं वजन शून्य होतं त्यांचे फोन एका दिवसात वाजायला लागणार. काठावरचं बहुमत असलं की नगरसेवक सहलीला का पाठवतात ते या बेरजेत आहे. बरं, आपल्याकडं फुटणाऱ्याला व्हीपची आणि १९८६ च्या अपात्रता कायद्याची भीती तरी असते. अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून खासदारकी जात नाही.

तिथं काय झालं बघा. जानेवारी २०२३ मध्ये रिपब्लिकन पक्षाच्या केविन मॅकार्थींना तिथल्या प्रतिनिधिगृहाचे (आपल्या लोकसभेसारखं सभागृह) सभापती व्हायला मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या, आणि नाराजांना मनवताना त्यांनी एकट्या सदस्यालाही सभापती हटवायचा ठराव आणता येईल हे कबूल केलं. ३ ऑक्टोबरला त्यांच्याच पक्षाच्या मॅट गेट्झ यांच्या ठरावावर २१६ विरुद्ध २१० मतांनी ते पडले, सभापतीला असं काढायची तिथली ही पहिलीच वेळ. फुटले फक्त आठ रिपब्लिकन. पण २१६ मधली उरलेली २०८ मतं विरोधी डेमोक्रॅट्सची होती, एकही फुटलं नाही, आणि त्यातल्या तिघांनी जरी बाजू बदलली असती तर २१३-२१३ होऊन ठराव पडला असता. त्या आठांना निर्णायक केलं ते विरोधकांच्या एकीनं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली मोठी चाल हीच, आणि बातम्या मात्र सगळ्या आठ जणांवर.

पुढं तीन आठवडे सभागृह कायम सभापतीविना होतं, नंतर माइक जॉन्सन आले. मे २०२४ मध्ये त्यांच्यावर तसाच ठराव आला तेव्हा तो ३५९ विरुद्ध ४३ मतांनी बाजूला सारला गेला, आणि त्या ३५९ मध्ये १६३ डेमोक्रॅट्स होते! विरोधक तेच, मग वागणं उलटं का? तर मधल्या काळात जॉन्सननी युक्रेनच्या मदतीचं विधेयक स्वतःच्या पक्षातल्या लोकांचा राग ओढवून मताला टाकलं होतं, जे डेमोक्रॅट्सना हवंच होतं. एकदाच खेळायचा डाव असेल तर समोरच्याला पडू द्यावं हे सोपं गणित आहे, पण त्याच माणसांशी परत परत गाठ पडणार असेल तर शब्द पाळणाऱ्याला सांभाळणं फायद्याचं ठरतं, गेम थिअरीवाले याला पुनरावृत्तीचा खेळ म्हणतात.

जानेवारी २०२५ मध्ये नियमच बदलला. आता असा ठराव आणायला बहुमतवाल्या पक्षाचेच नऊ जण लागतात.