तंत्रस्नेही शिक्षक (ठाणे जिल्हा व नवी मुंबई)

मोबाइल, टॅब, प्रोजेक्टर, स्मार्ट टीव्ही ही साधने वर्गात आपणहून वापरणारा, त्यांसाठी लागणारे साहित्य बरेचदा स्वतःच तयार करणारा आणि ते इतर शिक्षकांना वाटणारा शिक्षक. महाराष्ट्राच्या शालेय शिक्षणात हा शब्द साधारण २०१५ नंतर रुळला. ‘तंत्रस्नेही’ हे काही पद नाही. त्याला वेगळी वेतनश्रेणी नाही की नेमणुकीचे पत्र नाही. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्यांनी, शिक्षण परिषदेत, म्हणजे त्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, ‘हे आमचे तंत्रस्नेही’ अशी ओळख करून दिली की शिक्का बसतो आणि बदली झाली तरी तो बरोबर जातो. शब्दात तंत्र आहे, मूल कुठेच नाही. या प्रकाराचे यशापयश मात्र मुलाच्या हातात काय आले यावरूनच मोजावे लागते.

ठाणे जिल्ह्यात हा प्रकार पाहायला विशेष वाव आहे, कारण एकाच जिल्ह्यात दोन टोके आहेत. शहापूर-मुरबाडच्या डोंगरात दोन शिक्षकी शाळा आहेत. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी मुलांचे पाडे आहेत. खाली खाडीकाठी ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांच्या तीन-चार मजली शाळा, आणि त्यांत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशी माध्यमे. टॅब तोच, ॲपही तेच; पण दोन्हीकडच्या बाईंच्या अडचणी एकमेकींना सांगून पटणार नाहीत इतक्या वेगळ्या आहेत.

मूल केंद्रस्थानी ठेवून शिकवणे या भूभागाला टॅबने शिकवलेले नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. तिथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा होईपर्यंत हा सगळा मुलूख ठाणे जिल्ह्यातच होता. मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांना धाकटी भावंडे सांभाळायची असत, गुरे राखायची असत. तेव्हा शाळा त्यांच्या अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली, कुरणात गेली आणि कुरणशाळा झाली. महागड्या शैक्षणिक साधनांच्या जागी खडे, शंख-शिंपले, पाने, बिया आल्या. हाताशी आहे ते साधन, मूल आहे तिथे वर्ग आणि मुलाच्या दिवसाला जुळणारी वेळ, अशी ही रीत होती. आजच्या कार्यशाळांत हेच तत्त्व स्लाइडवर येते, तेव्हा कोसबाडचे नाव क्वचितच निघते.

अलीकडचा धागा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ पासून सुरू होतो. मूल हे रिकामे मडके नसून आपल्या अनुभवांतून ज्ञान रचणारे असते, हा ज्ञानरचनावादाचा गाभा त्या आराखड्याने शाळेत आणला. त्यामागे पियाजे आणि वायगॉट्स्की या मानसशास्त्रज्ञांचे विचार होते. १ एप्रिल २०१० पासून बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार कायदा लागू झाला आणि त्याच वर्षी राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन, म्हणजे एकाच परीक्षेऐवजी वर्षभर मुलाची प्रगती पाहण्याची पद्धत, आली. सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमध्ये (बीट म्हणजे एका शिक्षण विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) ज्ञानरचनावादी वर्ग कसा दिसतो ते पाहायला राज्यभरातून शिक्षक गाड्या करून गेले. परत येऊन त्यांनी आपापल्या वर्गांच्या फरशा रंगवल्या. फरशीवर मुळाक्षरे, शंभरपर्यंतचे आकडे, सापशिडी. मुले सतरंजीवरून उठून त्या आकड्यांवर उड्या मारू लागली. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच लाटेत ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव पोहोचला.

त्या लाटेत ठाणे जिल्ह्याचे नाव गाजले ते शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा या छोट्या पाड्याच्या जिल्हा परिषद शाळेमुळे. संदीप गुंड या शिक्षकाच्या पुढाकाराने तिथली मुले टॅबवर शिकू लागली आणि शाळा पाहायला बाहेरून माणसे येऊ लागली. पष्टेपाड्याने इतर शिक्षकांची एक समजूत मोडली: हे सगळे शहरातल्या मोठ्या फीच्या शाळांचे काम आहे, ही. दुसरे उदाहरण जिल्ह्याबाहेरचे, पण इथल्या प्रत्येक कार्यशाळेत निघणारे. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडच्या कामासाठी २०२० चे ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटली. आज बालभारतीच्या पुस्तकातला कोड स्कॅन केला की उघडणारे साहित्य ‘दीक्षा’ या केंद्र सरकारच्या मंचावर असते. तो मंच ५ सप्टेंबर २०१७ रोजी सुरू झाला.

साधने येतात कुठून, यावर त्यांचे आयुष्य ठरते. ग्रामीण भागात बहुतेक शाळांची सुरुवात लोकवर्गणीतून झाली. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक, गुरुजींनी स्वतःच्या खिशातले टाकलेले पहिले काही हजार, मुंबईला नोकरीला असलेल्या गावकऱ्यांचे थोडे, एखाद्या कारखान्याच्या सामाजिक निधीतले उरलेले. आला तो टीव्ही. त्याच्या लाकडी पेटीवर पूर्वी शाळेतल्या घड्याळावर किंवा पिंपावर रंगवत तसे नाव रंगवलेले असते, ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’. असा टीव्ही बंद पडला तर देणाऱ्याचा मुलगा शनिवारी येऊन विचारतो की काय झाले. शहरात साधने निविदेतून येतात आणि सगळ्या वर्गांत एकाच आठवड्यात बसतात. त्यांची दुरुस्तीही निविदेतूनच व्हायची असते. देखभालीचा करार संपला की डिजिटल फळ्यावर बाई खडूने लिहू शकत नाहीत आणि जुना काळा फळा तर काढून टाकलेला असतो. लोकवर्गणीची बाजू घ्यावीशी वाटते ती एवढ्याचसाठी. नाहीतर सरकारने द्यायच्या गोष्टीसाठी पाड्यावरच्या माणसाने खिसा रिकामा करावा, हे काही भूषण नव्हे.

साधन आल्यावर पहिल्या वर्षी जे घडते ते बहुतेक ठिकाणी सारखेच असते. कविता टीव्हीवर लागते, मुले ठेका धरतात, पाहुणे खूश होतात. दोन शिक्षकी शाळेत तर टीव्ही राखणदाराचे काम करतो. पहिली-दुसरीला त्याच्यासमोर बसवले की बाईंना तिसरी-चौथीचे गणित घ्यायला वीस मिनिटे मिळतात. बहुवर्ग अध्यापनात ही सोय नाकारण्यात अर्थ नाही, पण तिला विद्यार्थीकेंद्री शिक्षण म्हणू नये. त्या वीस मिनिटांत पहिलीचे मूल फक्त पाहते. पूर्वी गुरुजी बोलायचे, आता टीव्ही बोलतो. टीव्हीला तर ‘परत सांगा ना’ असेही म्हणता येत नाही.

खरा बदल साधन फिरवले जाते तेव्हा होतो. पाच-सहा मुलांचा गट, मध्ये एक टॅब आणि एकच नियम, की तो दर कामाला पुढच्या हातात जाईल. त्रिकोणाचा शिरोबिंदू जिओजेब्रा या गणिताच्या ॲपमध्ये बोटाने ओढला की तिन्ही कोन बदलतात आणि खालची बेरीज १८० वरून हलत नाही. मुले ती हलवायचा चंग बांधतात. त्रिकोण इतका चपटा करतात की तो रेघच दिसू लागतो. बाईंनी ‘तिन्ही कोनांची बेरीज १८० अंश’ हे वाक्य अजून उच्चारलेले नसते. कोलोराडो विद्यापीठाच्या ‘फेट’ प्रकल्पाचे विज्ञानाचे आभासी प्रयोग मराठीतही आहेत आणि ते आधी उतरवून ठेवले तर इंटरनेटशिवाय चालतात. डोंगरातल्या शाळांना हे दुसरे वैशिष्ट्य पहिल्याइतकेच महत्त्वाचे वाटते. अशा वर्गातल्या शिक्षकाला प्रशिक्षणाच्या भाषेत ‘सुलभक’ म्हणतात. मुले अर्थातच बाईंना बाईच म्हणतात.

नवी मुंबईतल्या एका प्रकारच्या तासाचे वर्णन इथे सविस्तर करण्यासारखे आहे. घणसोली, दिवाळे, करावे अशा मूळ गावांतली मुले घरी आगरी-कोळी बोली बोलतात. सिडकोने १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी घेऊन शहर उभारले, त्या गावांची ही पुढची पिढी. वर्गात त्यांच्याच शेजारी दिघा-तुर्भ्याच्या वस्त्यांतली, मराठवाड्यातून किंवा उत्तर प्रदेशातून आलेल्या घरांतली मुले बसतात. भाषेच्या तासाला फोनचा कीबोर्ड उघडायचा, माइकचे चिन्ह दाबायचे आणि आजीचे एक वाक्य तिच्यासारखेच बोलायचे. मूल म्हणते ‘मना पानी दे’. फोन कधी ‘मला पाणी दे’ लिहितो, कधी ‘मनात’, कधी ‘म्हणा’. वर्ग हसतो, पण हसे फोनचे होते, मुलाचे नाही, आणि हा फरक मोठा आहे. मग प्रश्न सुरू होतात. यानं ‘पानी’चं ‘पाणी’ का केलं? त्याला कुणी सांगितलं? आजी चुकीचं बोलते का? बाई फळ्यावर दोन रकाने आखतात, घरातले आणि पुस्तकातले. हिंदी घरातले मूल उठून सांगते की त्याच्याकडेही ‘पानी’च. तासाच्या शेवटी तीस-चाळीस शब्दांची यादी होते आणि एरवी गप्प असणारी दोन मुले सर्वांत जास्त बोललेली असतात. साधन इथे अपुरे पडले आणि तास त्यामुळेच रंगला.

ठाणे खाडीचा उपयोगही असाच होतो. खाडीला २०१५ मध्ये रोहित (फ्लेमिंगो) पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये ती रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली. परिसर अभ्यासाच्या तासाला मुले थव्याचा फोटो मोठा करून एक चौकोन मोजतात, मग चौकोन किती ते मोजतात आणि गुणाकार करतात. दोन गटांची उत्तरे जुळत नाहीत, तेव्हा भांडण कुठल्या चौकोनात पक्षी दाट आहेत यावर जाते. अंदाज हा धडा पुस्तकात एका पानाचा आहे. इथे तो दोन दिवस पुरतो.

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या आणि तंत्रस्नेही शिक्षकांची खरी परीक्षा झाली. रात्रीत सगळेच शिक्षक व्हॉट्सॲप ग्रुपचे चालक बनले. घरात स्मार्टफोन असला तरी तो वडिलांबरोबर सकाळी कामावर जाई आणि सात-आठला परत येई. मग अभ्यास संध्याकाळी, तोही तीन भावंडांत वाटून. शहापूर-मुरबाडच्या काही पाड्यांवर फोनला रेंज घ्यायला टेकाडावर चढावे लागते. तिथे शिक्षक छापील कृतिपत्रिका घेऊन फिरले, ओट्यावर, देवळात, झाडाखाली चार-पाच मुलांना घेऊन बसले. डिजिटलच्या नावाने सुरू झालेले ते वर्ष पाड्यांवर पुन्हा कुरणशाळेपाशी येऊन थांबले होते. वीटभट्टीवर गेलेल्या घरांतली मुले मात्र ग्रुपवरूनही सुटली आणि ओट्यावरूनही.

आता तक्रार. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ सांगते की दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. ऑनलाइन माहिती भरणे यात कुठे बसते? सरल आणि यू-डायस ही शाळा-विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी पोर्टले, शिष्यवृत्तीचे अर्ज, आधार जुळणी, पोषण आहाराची रोजची नोंद, प्रशिक्षणाची लिंक, लिंक भरल्याचा स्क्रीनशॉट. ज्याला संगणक येतो त्याच्याकडे आपल्या शाळेचेच नव्हे, तर केंद्रातल्या चार शाळांचे काम येते. ‘सर, तुम्हाला पाच मिनिटांचं काम आहे’ हे वाक्य प्रत्येक तंत्रस्नेही शिक्षकाने ऐकलेले आहे. ती पाच मिनिटे बहुधा शेवटच्या तारखेच्या दुपारी, सर्व्हर मंद असताना येतात आणि वर्ग तेवढा वेळ टीव्हीसमोर बसतो. मुलांसाठी तंत्र शिकलेला माणूस तंत्रामुळेच मुलांपासून उठवला जातो. काही शिक्षक आता हुशारीने आपण तंत्रस्नेही असल्याचे लपवतात.

पटाचा प्रश्नही आहेच. कायद्यातले पहिली ते पाचवीचे प्रमाण तीस मुलांमागे एक शिक्षक. शहरी वस्तीतल्या वर्गात पट याच्या वर गेला की गटकार्याचे गट आठ-दहा जणांचे होतात, आणि दहा जणांच्या गटात टॅब कितीही फिरवला तरी तो दोघा-तिघांकडेच राहतो. बहुतेकदा मुलांकडे, मुलींकडे नाही. यावर काही शिक्षिकांनी काढलेला तोडगा सोपा आहे. टॅब धरणाऱ्याने बोलायचे नाही, बोलणाऱ्याने धरायचे नाही. एक सांगणार, दुसरा करणार, तिसरा वहीत लिहिणार.

डोंगरातल्या शाळांचे वेळापत्रक वीज आणि ऊन ठरवतात. पत्र्याच्या छपराखाली दुपारी प्रोजेक्टरचे चित्र फिके पडते, म्हणून खिडक्यांना जुन्या साड्यांचे पडदे लागतात आणि मग आत उकडते. प्रोजेक्टर मागे पडून टीव्ही आले त्याचे हे एक साधे कारण. केबल उंदीर कुरतडतात. टॅब चोरीच्या भीतीने कपाटात, कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे, आणि मुख्याध्यापक बैठकीला तालुक्याला. मे महिन्याच्या सुटीत बंद कपाटात चार्जिंगविना पडून राहिलेल्या टॅबच्या बॅटऱ्या उतरतात, काही फुगतात. म्हणून १५ जूनच्या सुमारास शाळा उघडते तेव्हा प्रवेशोत्सवाच्या रांगोळीआधी एका शिक्षकाचे काम ठरलेले असते: सगळे टॅब ओळीने जमिनीवर मांडायचे, दोन बोर्डांवर आळीपाळीने चार्जिंगला लावायचे आणि कोणते सुरू होतात ते बघत बसायचे. चौथीची मुले तोवर भोवती जमलेली असतात आणि कुठला कुणाच्या गटाचा, हे त्यांना पाठीवरच्या चऱ्यांवरून ओळखता येते.