तापलेले रेडिएटर आणि गार पाणी : एक खुलासा

घाटात गाडी तापली की लगेच रेडिएटरचे झाकण काढून गार पाणी ओतावे, हा वर्षानुवर्षे दिला जाणारा सल्ला चुकीचा असून त्यापायी माणसे गंभीर भाजतात. हे झाकण म्हणजे साधे बूच नव्हे. त्यातील स्प्रिंग आतला दाब साधारण 1 बारने (म्हणजे जवळपास हवेच्या नेहमीच्या दाबाइतका) वाढू देते, त्यामुळे एरवी 100 अंशांना उकळणारे पाणी सुमारे 120 अंशांपर्यंत द्रवरूपातच राहते. झाकण सैल होताच दाब सुटतो आणि तेच पाणी क्षणार्धात उकळून वाफेसह तोंडावर उसळते. पुष्कळ झाकणांवर तसा इशारा कोरलेलाच असतो. तो कृपया वाचावा. शिवाय गार पाण्याने ॲल्युमिनियमचे तापलेले सिलिंडर हेड (इंजिनाचा वरचा भाग) एकाएकी आकसून वाकू किंवा तडकू शकते.

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागताच एसी बंद करून हीटर पूर्ण चालू करावा (उन्हाळ्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर इंजिनाचीच उष्णता बाहेर काढतो). तरीही काटा उतरला नाही, तर गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे. निदान अर्धा तास थांबून, रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी नळीला) हात सोसवू लागल्यावरच जाड फडके धरून झाकण थोडेसे फिरवावे आणि फुसफुस पूर्ण थांबल्याशिवाय ते काढू नये.