बासष्ट आमदारांचं वजन किती?

पदवीधर मतदारसंघाच्या मतमोजणीला एकदा माझी ड्यूटी लागली होती. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून घरच्यांना वाटलं याला मजा येणार. पहिले काही तास आलीही. या निवडणुकीत बटण दाबायचं नसतं. जांभळ्या स्केचपेननं उमेदवारांच्या नावांपुढे १, २, ३ असे पसंतीक्रम लिहायचे असतात. आकड्यातच लिहायचे, अक्षरात नाही. बरोबरची खूण चालत नाही. सही तर अजिबात नाही. नागपूर विभागाचे सहा जिल्हे, मतदार झाडून सगळे पदवीधर, आणि तरी बाद मतांचा गठ्ठा फुगतच चाललेला. एका बहाद्दरानं सगळ्याच उमेदवारांना १ दिला होता. कोणी नाराज व्हायला नको!

रात्री दोनच्या सुमारास काम जरा थांबलं. माझ्या टेबलावर कुहीकडचे एक तलाठी होते. चहा ओतता ओतता म्हणाले, "सर, दिल्लीत खासदार वाढून रायले म्हणते. तुमी गणितवाले आहा, तर सांगा ना जी, आपलं वजन वाढून रायलं का कमी होऊन रायलं?"

लोकसभेच्या जागा वाढवून त्या राज्यांत लोकसंख्येनुसार नव्यानं वाटायच्या का, असा तो दिल्लीतला वाद. आणि आपलं म्हणजे विदर्भाचं. प्रश्न साधा वाटला. उत्तर द्यायला बसलो आणि चहा गार झाला.

आधी सभागृह केवढं असावं ते पाहू. १९७२ साली राइन तागेपेरा या मूळच्या एस्टोनियाच्या अभ्यासकानं एक गमतीशीर गोष्ट मांडली: देशाच्या लोकसंख्येचं घनमूळ काढा, तिथल्या कनिष्ठ सभागृहाची सदस्यसंख्या बहुधा त्याच्या आसपास निघते. घनमूळच का? लोकप्रतिनिधीला दोन बाजूंना कान द्यावा लागतो. एका बाजूला मतदार, दुसऱ्या बाजूला सभागृहातले बाकीचे सदस्य. सभागृह लहान केलं तर प्रत्येकाच्या वाट्याला मतदार फार येतात. मोठं केलं तर मतदार कमी होतात खरे, पण सदस्यांच्या आपसातल्या जोड्या वर्गाच्या वेगानं वाढतात. लोकसभेच्या ५४३ जणांत १,४७,१५३ जोड्या होतात. सदस्य दुप्पट केले तर जोड्या जवळजवळ चौपट. दोन्ही ओझ्यांची बेरीज सर्वांत कमी कुठे होते हे शोधायला गेलं की घनमूळ समोर येतं.

हा काही गुरुत्वाकर्षणासारखा नियम नव्हे. ब्रिटनच्या लोकसंख्येचं घनमूळ चारशेच्या थोडं वर आहे, पण त्यांच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये ६५० जण बसतात. अमेरिकेचं जवळजवळ ७०० आहे, तर प्रतिनिधिगृह शंभरहून अधिक वर्षं ४३५ वरच अडून बसलंय. इटलीनं २०२० मध्ये सार्वमत घेऊन कनिष्ठ सभागृह ६३० वरून ४०० वर आणलं आणि सहा कोटींच्या आतबाहेरच्या त्या देशाचं घनमूळ ३९० च्या आसपास आहे. त्यांनी काही घनमूळ काढून ठरवलं नव्हतं. खर्च आणि राजकारण्यांवरचा राग, एवढंच कारण.

भारत मात्र पहिल्यापासून घनमुळाच्या खाली राहिलाय. १९५१ साली ३६ कोटी लोक, घनमूळ ७१२, पहिल्या लोकसभेच्या जागा ४८९. आज १४० कोटी धरले तर घनमूळ १,११९ येतं. नव्या संसद भवनात लोकसभेच्या दालनात आसनं ८८८. नागपूर लोकसभा मतदारसंघात बावीस लाखांहून अधिक मतदार आहेत आणि खासदार एक. ब्रिटनमध्ये साधारण ७३ हजार मतदारांमागे एक खासदार असतो. त्या मापानं एकट्या नागपूरला तीस लागले असते! (वर्धा रोडवर तीस खासदारांचे फलक एकाच वेळी लागलेत, ही कल्पनाच मला सहन होत नाही.)

पण तलाठीसाहेबांनी सभागृह केवढं असावं हे विचारलंच नव्हतं. त्यांनी विचारलं होतं, आपलं वजन.

इथे विदर्भाला स्वतःचा अनुभव आहे, आणि दिल्लीतल्या वादात तो कुणी सांगत नाही. २००१ च्या जनगणनेवर मतदारसंघांची पुनर्रचना झाली आणि ती २००८ पासून लागू झाली. त्याआधी विदर्भातून ६६ आमदार आणि ११ खासदार निवडून जात. नंतर ६२ आणि १०. विदर्भाची माणसं कमी झाली होती का? नाही, वाढलीच होती. पण ठाण्या-पुण्याकडे ती जास्त वेगानं वाढली, आणि विधानसभा २८८ वरच थांबलेली. डबा तेवढाच असेल तर एकाची पोळी वाढली की दुसऱ्याची कमी होणारच. २०११ ची जनगणना घ्या. विदर्भ २.३० कोटी, महाराष्ट्र ११.२४ कोटी. निव्वळ लोकसंख्येनं २८८ जागा वाटल्या तर आपल्या वाट्याला ५९ येतात.

राज्याराज्यांत हेच मोठ्या आकड्यांनी आहे. लोकसभेतलं राज्यांचं वाटप अजून १९७१ च्या जनगणनेवर उभं आहे. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ते गोठवलं, चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीनं २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत पुढे ढकललं. कुटुंबनियोजन नीट केलेल्या राज्यांना जागा गमावून त्याची शिक्षा होऊ नये, हा हेतू. परिणाम असा की २०११ च्या आकड्यांनुसार केरळात साधारण १६.७ लाख माणसांमागे एक खासदार, उत्तर प्रदेशात २५ लाखांमागे, राजस्थानात २७ लाखांहून अधिक. एका माणसाचं मत दुसऱ्याच्या दीडपट, असा हा हिशोब.

मग डबाच मोठा केला तर? समजा लोकसभा ८०० ची केली आणि २०११ च्या लोकसंख्येवर वाटली. केरळ २० वरून २२ वर जातो. वाढलेच की! पण हिस्सा ३.७ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर घसरतो. उत्तर प्रदेश ८० वरून १३२ वर. दोघांत कुणाची संख्या घटली नाही, तरी एकाचं वजन घटलं. जागा वाढवल्यानं भांडण मिटेल असं म्हणणारा एकतर भागाकार विसरलाय किंवा समोरचा विसरला असेल अशी त्याला आशा आहे.

वाटपातला भागाकार तर आणखीच खट्याळ. १८८० च्या जनगणनेनंतर अमेरिकेच्या जनगणना कार्यालयातले मुख्य लिपिक सीटन हे प्रतिनिधिगृह २७५ पासून ३५० पर्यंत कितीही जागांचं केलं तर कोणत्या राज्याला किती मिळतील याचं कोष्टक करत होते. २९९ जागांवर अलाबामाला ८ मिळत होत्या, ३०० वर ७. एकूण जागा वाढली आणि अलाबामाची घटली!

चूक नव्हती. घरी करून बघा. दोन मोठे जिल्हे, सहा-सहा लाखांचे, आणि एक लहान, दोन लाखांचा. जागा १०. प्रमाणानं वाटा येतो ४.२९, ४.२९ आणि १.४३. पूर्णांक वाटले: ४, ४, १. उरलेली एक जागा ज्याचा अपूर्णांक मोठा त्याला, म्हणजे लहान जिल्ह्याला. त्याला झाल्या २. आता जागा ११ करा. वाटा ४.७१, ४.७१, १.५७. पूर्णांक पुन्हा ४, ४, १. पण उरल्या दोन, आणि मोठे अपूर्णांक आता मोठ्या जिल्ह्यांकडे. ५, ५, १. लहान जिल्ह्यानं काहीही न करता एक आमदार गमावला. पुढे बालिन्स्की आणि यंग या दोघा अभ्यासकांनी सिद्धच केलं की असल्या सगळ्याच विसंगतींपासून (लोकसंख्या बदलली की होणाऱ्याही) मुक्त आणि शिवाय प्रत्येकाला त्याच्या वाट्याच्या लगतचाच पूर्णांक देणारी वाटपाची रीत असूच शकत नाही. अपूर्णांक कुठेतरी कुणाला तरी टोचणारच.

निवडणुकीची पद्धत हा तिसरा खेळ, आणि नागपूरकर त्यात नको तेवढे अनुभवी आहेत. लोकसभेला एका मतदारसंघातून एक, सर्वाधिक मतं त्याला जागा. महापालिकेत २०१७ साली ३८ प्रभागांतून १५१ नगरसेवक, म्हणजे बहुतेक प्रभागांत चार-चार. त्याआधी दोन-दोनही करून झाले. प्रभाग मोठा म्हणजे प्रतिनिधित्व जास्त प्रमाणशीर, असा एक समज आहे. तसं होत नाही. प्रत्येक मतदाराला चार जागांसाठी चार मतं, आणि प्रत्येक जागेची मोजणी वेगळी. एका पॅनलला प्रभागात ४० टक्के आणि बाकीच्यांना ३०-३० असतील, आणि लोक पॅनल बघूनच बटणं दाबत असतील, तर ४० टक्केवाला चारही जागा घेऊन जातो. साठ टक्क्यांच्या हाती काही नाही.

बहुसदस्य मतदारसंघ लोकसभेलाही होते. सुरुवातीच्या निवडणुकांत अनेक ठिकाणी एक सर्वसाधारण आणि एक राखीव अशा दोन जागा मिळून एक मतदारसंघ असे. मतदाराला मतं दोन, पण दोन्ही एकालाच देता येत नसत. शेजारच्या भंडाऱ्यात १९५४ च्या पोटनिवडणुकीत बाबासाहेब आंबेडकर अशाच मतदारसंघातून उभे होते. सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब हरले. पराभवाची कारणं राजकीय होती, ती पद्धतीवर ढकलता येणार नाहीत. पण पद्धतीचा एक गुण लक्षात घ्या: दुसरं मत कुणाला तरी दिलं की ते तुमच्याच पहिल्या माणसाच्या विरोधात मोजलं जाऊ शकतं. १९६१ मध्ये ही पद्धत मोडीत निघाली.

पसंतीक्रमाच्या मतपत्रिकेत हा दोष नाही. तुमचा पहिला जोवर शर्यतीत आहे, तोवर दुसऱ्या पसंतीकडे कुणी बघतही नाही. पदवीधरला जागा एकच, म्हणून कोटा वैध मतांच्या निम्म्याहून एक जास्त. कुणी गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याच्या मतपत्रिकांवरची पुढची पसंती बघायची. राज्यसभेला जागा अनेक. महाराष्ट्रात २८८ आमदार आणि सहा जागा असतील तर २८८ ला सातानं, म्हणजे जागांहून एक जास्त, भागायचं. येतात एकेचाळीसच्या थोडे वर. म्हणून अशा वेळी बातम्यांत ते "बेचाळीस मतांचा कोटा" येतं. म्हणजे प्रमाणशीर पद्धत आपल्याकडे आहेच. ती फक्त आमदारांसाठी राखून ठेवलीय. सामान्य मतदाराच्या वाट्याला २०१४ सारखी गणितं येतात: बसपाला देशभरात चार टक्क्यांहून अधिक मतं आणि जागा शून्य. ब्रिटनमध्ये २०२४ साली मजूर पक्षानं जेमतेम ३४ टक्के मतांवर ४११ जागा घेतल्या.

न्यूझीलंडनं असल्या निकालांना कंटाळून १९९३ च्या सार्वमतात पद्धतच बदलली. १९९६ पासून तिथे एक मत उमेदवाराला, एक पक्षाला, आणि पक्षाच्या मतांच्या प्रमाणात एकूण जागा. जर्मनीतही हेच आहे, आणि त्याची फजितीही तिथलीच. पक्षाला हिश्शापेक्षा जास्त मतदारसंघ मिळाले की इतरांना भरपाईच्या जागा द्यायच्या. असं करत ५९८ चं सभागृह २०२१ मध्ये ७३६ वर गेलं. शेवटी २०२३ मध्ये त्यांनी ६३० ला कुलूप लावलं. नेपाळनं मधला रस्ता घेतला: २७५ पैकी १६५ थेट, ११० प्रमाणशीर. नेपाळचं बरंच बिनसतं, पण सभागृहात बसलेले चेहरे देशासारखे दिसतात. मला विचाराल तर आपल्याकडे आधी महापालिकांत असा प्रयोग करावा. तिथे पद्धत वरचेवर बदलतेच, एकदा बऱ्या दिशेनं बदलेल.

मुदतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. आपण आणीबाणीत लोकसभेची पाचाची सहा वर्षं केली आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनं परत पाच केली. न्यूझीलंडच्या मतदारांनी तीनाची चार करायला १९६७ आणि १९९० अशा दोन्ही वेळा नकार दिला. स्वीडननं तीन करून पाहिली, १९९४ पासून पुन्हा चार. एवढ्यात काय ते आलं.

राहिलं वजन. जागांचा हिस्सा म्हणजे वजन, असं मी तलाठीसाहेबांना सांगणार होतो, पण ते खोटं ठरलं असतं. न्यूयॉर्कजवळच्या नॅसो काउंटीच्या मंडळात १९६४ साली सहा प्रतिनिधींना लोकसंख्येनुसार ३१, ३१, २८, २१, २ आणि २ मतं दिली होती. एकूण ११५, बहुमताला ५८. जॉन बँझाफ नावाच्या वकिलानं बेरजा करून पाहिल्या. पहिल्या तिघांतले कोणतेही दोघं एकत्र आले की ठराव पास. उरलेले तिघं मिळून २५. त्यांना मोठ्यांतला एक जरी येऊन मिळाला तरी ५६. म्हणजे २१ मतंवाल्याचं मत कोणत्याही ठरावात, कधीच, निर्णायक ठरू शकत नव्हतं. कागदावर अठरा टक्के, वजन शून्य.

हे सांगितल्यावर तलाठीसाहेब बराच वेळ गप्प होते. मग तळहातावर बोटानं गणित केलं. विधानसभेत बहुमत १४५. त्यातून ६२ गेले.

"त्र्याऐंशी," ते म्हणाले. "पण सर, आपले बासष्ट एका बाजूनं कधी बसले होते?"

तेवढ्यात माइकवरून पुढच्या फेरीची घोषणा झाली. तळाचा उमेदवार बाद झाला होता. आम्ही त्याचा गठ्ठा सोडला आणि दुसऱ्या पसंतीचे आकडे वाचायला लागलो.