अकराव्या गड्याचा हिशेब

अमेरिकन कॉलेज फुटबॉलच्या मोठ्या सामन्यात दोन्ही संघ ताकदीने तोडीस तोड असतात. अशा वेळी आक्रमण पुढे सरकते ते वजाबाकीच्या जोरावर.

चार प्रयत्नांत 10 यार्ड, म्हणजे साधारण 9 मीटर, पुढे जायचे. जमले तर पुन्हा चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्यांकडे. गडी दोन्हीकडे 11. चेंडू घेऊन धावणारा स्वतः कोणाला अडवू शकत नाही. त्याला चेंडू देऊन क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणाची सूत्रे हलवणारा गडी, नुसता उभा राहिला, तर अडवणारे उरतात 9, म्हणजे बचावाचे दोघे मोकळेच.

ही तूट भरून काढणारी चाल म्हणजे झोन रीड. सेंटर म्हणजे चेंडू मागे देणारा गडी; क्वार्टरबॅक त्याच्या सुमारे 5 यार्ड मागे उभा असतो, शेजारी चेंडू घेऊन धावणारा रनिंग बॅक. चेंडू मागे येताच पुढच्या फळीतले पाचही लाइनमन एकाच दिशेने, समजा उजवीकडे, पहिले आखूड पाऊल टाकतात. डाव्या टोकाच्या बचावपटूला मुद्दाम कोणी हात लावत नाही. क्वार्टरबॅक चेंडू रनिंग बॅकच्या पोटाशी धरतो, पण नजर त्या मोकळ्या गड्याच्या खांद्यांवर. खांदे आत वळले, की चेंडू काढून घेऊन स्वतः बाहेरून पळायचे. तो जागीच थांबला, तर चेंडू देऊन टाकायचा. कोणीही न भिडता एक गडी खेळातून बाद!

सगळे उरकते क्षणार्धात, म्हणून चुकाही तिथेच होतात. रनिंग बॅकने चेंडू आधीच घट्ट आवळला, तर ओढाताणीत तो निसटतो. शंका असेल तर देऊन टाकावा, हे उत्तम. हुशार बचाव टोकाच्या गड्याला मुद्दाम आत घुसवतो आणि बचावफळीच्या मागे उभा लाइनबॅकर वळसा घालून क्वार्टरबॅकला गाठतो. त्यावर उपाय म्हणजे आक्रमणाच्या फळीच्या टोकाला उभ्या टाइट एंडने टोकाच्या गड्याला ओलांडून थेट त्या लाइनबॅकरला अडवायचे.

4 जानेवारी 2006, कॅलिफोर्नियातील पासाडेना, रोझ बोलचा सामना. सलग 34 सामने जिंकलेला यूएससी (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठ) टेक्सस विद्यापीठाविरुद्ध 38-33 ने पुढे. 2 मिनिटे 13 सेकंद बाकी, चौथा प्रयत्न, हवे फक्त 2 यार्ड. यूएससीचा क्वार्टरबॅक मॅट लायनार्टने चेंडू रनिंग बॅक लेनडेल व्हाइटला दिला. लायनार्ट स्वतः पळेल अशी धास्ती बचावाला नव्हती. ज्याच्या मागे निदान एक तरी गडी ओढला गेला असता, तो दुसरा रनिंग बॅक रेजी बुश मैदानाबाहेर. टेक्ससच्या फळीने मध्यावर गर्दी करून व्हाइटला थोपवले. किक मारून चेंडू लांब पाठवण्याऐवजी प्रयत्न करणे बरोबरच होते. बुशला बाहेर ठेवायला नको होते.

मग टेक्ससचा चौथा प्रयत्न आला: हवे होते 5 यार्ड, गोलरेषा 8 यार्डांवर. चाल पासची होती, पण पास घेणारे सगळे झाकलेले. त्यांना झाकण्यात बचावाचे गडी गुंतल्याने उजवा कोपरा रिकामा पडला. क्वार्टरबॅक विन्स यंग चेंडू घेऊन तिकडे धावला आणि कोणाचाही हात न लागता रेषा ओलांडून गेला. घड्याळात 19 सेकंद उरले होते.