कोल मायनर्स डॉटर

अमेरिकन गायिका लोरेटा लिन (1932–2022) हिने स्वतः लिहून गायलेले कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागात रुजलेल्या शैलीतले, गीत. शब्दशः अर्थ ‘कोळसा खाणकामगाराची लेक’. केंटकी राज्यातल्या व्हॅन लिअर या खाणवस्तीजवळच्या बुचर हॉलो इथे गेलेले तिचे बालपण आणि आईवडिलांचे कष्ट हा गाण्याचा विषय. ओवेन ब्रॅडली या निर्मात्याने 1969 मध्ये ध्वनिमुद्रित केलेले हे गाणे डेक्का कंपनीने 1970 च्या ऑक्टोबरात बाजारात आणले आणि डिसेंबरात ते बिलबोर्ड या संगीतविषयक नियतकालिकाच्या कंट्री गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले.

आईबापांवरच्या गाण्यांत स्तुतीचा गोडवा फार असतो. इथे तो जवळजवळ नाही. आहे ती कामे. वडील मेल्विन वेब रात्रभर खाणीत, दिवसा मक्याच्या शेतात. आठ लेकरांचा संसार. आई क्लारा रात्री रॉकेलच्या दिव्यापाशी बायबल वाचते, धुणे घासताना तिची बोटे रक्ताळतात. उन्हाळ्यात पोरे अनवाणी. हिवाळ्यात मात्र डुक्कर विकून आलेल्या पैशांतून टपालाने नवे जोडे मागवले जातात. प्रेमाची साक्ष म्हणून हे जोडे पुरेसे आहेत.

भाषाही घरचीच. ‘हॉलो’ म्हणजे डोंगरांमधली अरुंद घळ. त्या मुलखात तिला ‘हॉलर’ म्हणतात आणि लोरेटाही तसेच गाते. ‘हार्ड’शी यमक जुळते ते ‘टायर्ड’चा गावाकडचा उच्चार ‘टार्ड’ असा असल्यामुळेच. शहरी उच्चारात ते कडवे कोलमडेल. मूळ गाणे बरेच लांब होते. ब्रॅडलीच्या सांगण्यावरून तिने त्यातली काही कडवी गाळली. शेवटच्या कडव्यात ती परत जाते, तेव्हा घरातली पायाखालची जमीन तेवढी उरलेली असते.

वडील 1959 मध्ये वारले. लोरेटाची पहिली रेकॉर्ड 1960 ची, म्हणजे लेकीची एकही रेकॉर्ड त्यांच्या कानावर पडली नाही.

याच नावाने तिचे आत्मचरित्र (1976) आणि त्यावरून चित्रपट (1980) आला. त्यात लोरेटाची भूमिका करणाऱ्या सिसी स्पेसेकने तिची गाणी स्वतः गायली. या भूमिकेसाठी सिसीला सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले.