पगडीखालचे टक्कल आणि एक मिलिग्रॅमची गोळी

भाचा हिंजवडीत नोकरीला आहे, वय सत्तावीस. मागच्या महिन्यात रविवारी जेवायला आला आणि हात धुण्याआधीच त्याने टेबलावर दोन वस्तू मांडल्या. एक ड्रॉपरची बाटली, मिनॉक्सिडिल ५ टक्के. दुसरी फिनास्टेराइड १ मिलिग्रॅमची पट्टी, एकही गोळी न फोडलेली. "डॉक्टरांनी दोन्ही लिहून दिलंय. पण मामा, तू आधी हे वाच," म्हणत त्याने मोबाईल पुढे केला. साइड इफेक्टची यादी लग्नाच्या यादीएवढी लांब होती, आणि त्याचे लग्नच अजून ठरायचे आहे.

मला गेली वीस वर्षे कंगवा लागलेला नाही, तेव्हा सल्ल्याला मी तसा चुकीचाच माणूस. पण ती यादी समजून घ्यायची तर ही औषधे आली कुठून हे पाहावे लागते. गंमत अशी की दोन्हींपैकी एकही केसांसाठी जन्मलेले नाही.

पेशवाईतल्या पुण्यात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. पुरुष वस्तऱ्याने डोके करून घेत, शेंडी आणि तिच्याभोवतीचा घेरा राखत. कुणी संजाब ठेवी. वरून पागोटे. टक्कल दैवाने पडले की न्हाव्याने पाडले, हे सांगणार कोण? पुढे पुणेरी पगडी आली, जिच्याशी न्यायमूर्ती रानड्यांचे नाव जोडतात आणि जिला २००९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. मग काळी टोपी, पांढरी टोपी. शेंड्या गेल्या, भांग आले, आणि शेवटी टोपीही खुंटीवरच राहिली. माझे आजोबा मंडईत भाजीला निघतानाही टोपी घालत. त्यांचे टक्कल मी पहिल्यांदा पाहिले ते ते अंथरुणाला खिळल्यावर. टक्कल पूर्वीही होतेच, चारचौघांत आले ते शंभरेक वर्षांत. केस जाण्याचे दुःख मात्र या शहराला नवे नव्हते. वाड्यावाड्यांतल्या विधवांच्या वाट्याला ते सक्तीने येई. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तेव्हाही केशवपन चालूच होते.

इलाज शोधण्याची हौस तर फार जुनी. सुश्रुतसंहितेत इंद्रलुप्त आणि खालित्य यांची मीमांसा आहे: वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते, मग कफ आणि रक्त तो रोमकूप बुजवतात, म्हणून तिथे दुसरा केस उगवत नाही. घरोघरी माका आणि जास्वंदीचे तेल कढते त्याचे मूळ याच परंपरेत. आपल्या भाषेने एक भेद मात्र नेमका टिपलाय. गोल चकतीसारखे केस गेले की ती चाई. कपाळ मागे मागे सरकत गेले की टक्कल. चाई शरीराच्या प्रतिकारशक्तीच्या गफलतीतून होते, तिचे उपचार वेगळे. इथे गोष्ट चालली आहे ती टकलाची. (बोअरच्या पाण्याने टक्कल पडते ही पुण्यातली आवडती तक्रार. जड पाण्याने केस राठ होतात, पण कपाळ मागे सरकवणे त्याच्या आवाक्यातले नाही.)

ते कोण सरकवते, हे अमेरिकेतल्या जेम्स हॅमिल्टन यांनी १९४२ मध्ये मांडले. वयात येण्यापूर्वीच ज्यांचे वृषण निकामी झाले किंवा काढले गेले, अशा पुरुषांना टक्कल पडत नव्हते. त्यांना टेस्टोस्टेरॉन दिल्यावर, घराण्यात टक्कल असलेल्यांचे केस गळू लागले. दोष संप्रेरकाचा आणि वारशाचा, दोघांचा मिळून. पण यावर औषध निघाले ते या संशोधनाच्या वाटेने नव्हे, भलत्याच दारांनी.

पहिले दार रक्तदाबाचे. अपजॉन कंपनीची मिनॉक्सिडिलची गोळी रक्तवाहिन्या सैल करून दाब उतरवत असे. चाचण्यांतल्या रुग्णांच्या चेहऱ्यावर, हातापायांवर केस उगवू लागले. कोलोरॅडो विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ गुंटर कान आणि पॉल ग्रँट यांनी १९७१ च्या सुमारास तिचे द्रावण करून स्वतःच्याच हातावर लावून पाहिले, आणि केस आले. पुढे पेटंटवरून कंपनीशी लांबलचक भांडण झाले. गोळी १९७९ मध्ये रक्तदाबासाठी मंजूर झाली, तीही हृदयाभोवती पाणी साचण्याच्या कडक इशाऱ्यासह. डोक्याला लावायचे २ टक्के द्रावण पुरुषांसाठी आले १९८८ मध्ये. कंपनीला नाव 'रीगेन' हवे होते. त्यातून केस परत मिळण्याची हमीच दिल्यासारखे होते म्हणून ते नाकारले गेले आणि 'रोगेन' झाले. १९९६ पासून अमेरिकेत ते चिठ्ठीविना मिळू लागले.

म्हणजे रक्तदाबाच्या रुग्णाला जो उपद्रव, तोच टकलू माणसाला गुण. भाच्याच्या यादीतल्या ओळी मग सरळ वाचता येतात: टाळूला खाज (बरेचदा द्रावणातल्या प्रॉपिलिन ग्लायकॉलमुळे), क्वचित धडधड, बायकांना गालावर लव. सुरुवातीच्या काही आठवड्यांत उलट जास्तच केस गळतात, कारण झोपलेले केस नव्यांना जागा करून देतात. इथेच निम्मे लोक घाबरून बाटली फेकतात. फरक दिसायला चार-सहा महिने, आणि लावायचे बंद केले की काही महिन्यांत मूळ पदावर. अलीकडे डॉक्टर तीच जुनी गोळी अगदी कमी मात्रेत केसांसाठी देऊ लागले आहेत. १४०४ रुग्णांच्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे १५ टक्क्यांना नको तिथे केस आले. उपद्रव पुन्हा आपल्या मूळ घरी.

दुसरे दार अधिक विलक्षण. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या एका खेड्यात मुली म्हणून वाढलेली काही मुले बाराव्या वर्षाच्या आसपास मुलगे होत. ज्युलियन इम्पेराटो-मॅगिन्ली यांनी १९७४ मध्ये कारण दाखवले: टेस्टोस्टेरॉनचे डीएचटी (त्याचेच अधिक जोरदार रूप) करणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यात जन्मतः अपुरे होते. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट लहानच राही आणि त्यांना टक्कल पडत नसे. मर्क कंपनीने तेच विकर रोखणारी गोळी शोधली. १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी म्हाताऱ्यांच्या प्रोस्टेटसाठी आली, १९९७ च्या डिसेंबरात १ मिलिग्रॅमची टकलासाठी.

हिचा गुण खरा आहे. दोन वर्षांच्या चाचण्यांत गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्क्यांनी डोक्यावरचे केस टिकवले किंवा वाढवले; औषध नसलेली खोटी गोळी (प्लॅसिबो) घेणाऱ्यांत हेच प्रमाण २८ टक्के. लैंगिक तक्रारी पहिल्या वर्षी ३.८ टक्क्यांना, खोट्या गोळीवर २.१ टक्क्यांना. आकडे असे नुसते शेजारी ठेवले तर निकाल सोपा वाटतो. तो तसा राहिला नाही. गोळी थांबवल्यावरही तक्रारी जात नाहीत असे सांगणारे पुरुष वाढत गेले, आणि २०१२ मध्ये अमेरिकी औषध प्रशासनाने तशी नोंद माहितीपत्रात घातली. २०२२ मध्ये आत्महत्येच्या विचारांचीही घातली. २०२५ मध्ये युरोपच्या औषध-सुरक्षा समितीने आत्महत्येच्या विचारांचा हा दुष्परिणाम मान्य केला. त्याचे प्रमाण मात्र सांगता येत नाही, असेही म्हटले.

दुसऱ्या पारड्यात टाकायला एक इटालियन प्रयोग आहे, २००७ मधला. प्रोस्टेटच्या १२० रुग्णांना ५ मिलिग्रॅमची गोळी दिली. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणाम आधी सांगितले, निम्म्यांना नाही. वर्षभराने सांगितलेल्यांपैकी ४३.६ टक्क्यांनी तक्रार केली, न सांगितलेल्यांपैकी १५.३ टक्क्यांनी. यावरून तक्रारी मनाच्याच असे म्हणणे मला चुकीचे वाटते. न सांगितलेल्यांतही पंधरा टक्के आहेतच. पण यादी रात्री दोनला एकट्याने वाचणे आणि डॉक्टरसमोर बसून वाचणे यात फरक पडतो, एवढे नक्की. डॉक्टरने तिथे आणखी दोन गोष्टी सांगायला हव्यात. या गोळीने प्रोस्टेटच्या पीएसए या रक्ततपासणीचा आकडा निम्म्यावर येतो, तेव्हा तपासणाऱ्याला गोळीची कल्पना द्यावी. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिने फुटक्या गोळीला हात लावू नये.

आपल्याकडे हे सगळे स्वस्तात आले, कारण १९७० च्या पेटंट कायद्यात औषधाला नव्हे तर ते बनवण्याच्या पद्धतीला पेटंट मिळे. २००५ मध्ये हे बदलले, तोवर फिनास्टेराइड देशी कंपन्यांच्या पट्ट्यांतून केव्हाच दुकानात पोचले होते. टक्कल बरे करतो असा दावा औषधाने करू नये, हे १९४५ च्या औषध नियमांत लिहिलेले आहे. बसच्या पाठीवरच्या जाहिराती वाचताना ते आठवते.

केशरोपणाचे थोडक्यात. जपानच्या ओकुदांनी १९३९ मध्ये, न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये ते केले. मानेवरचा केस पुढे लावला तरी मानेचाच स्वभाव राखतो, हे त्यातले मर्म. आजूबाजूचे जुने केस मात्र गळतच राहतात, म्हणून रोपणानंतरही डॉक्टर बहुधा औषध चालू ठेवायला सांगतात. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाला, यूट्यूब पाहून हे काम शिकता येत नाही, असे चक्क लिहून काढावे लागले.

भाच्याने हे सगळे ऐकून घेतले, दोनदा भात घेतला आणि विचारले, "आणि मांजराचं काय?" त्याच्या फ्लॅटवर एक मांजर आहे, रोज त्याच्याच उशीवर झोपते. शोधून पाहिले, तर मिनॉक्सिडिल मांजरांना विषारी. उशीवरचे थोडेसे चाटूनही मांजरे मेल्याची नोंद आहे. गोळीचे डॉक्टरांशी बोलून ठरवायचे झाले. बाटली त्याने तिथेच नाकारली. संध्याकाळी ती परत करायला मेडिकलमध्ये गेलो. दुकानदाराने बूच उलटसुलट करून पाहिले आणि सील फुटलेला माल परत घेत नाही म्हणून माझ्याच हातात ठेवली.